रात्र नसलेलं घर

कर्जतला आमच्या इमारतीमागे कुणा मुंबईकराने फार्महाऊस बांधलंय आणि त्याच्या कुंपणावर असे काही दिवे लावलेत की रात्री माझ्या स्वयंपाकघरात बत्ती न लावता तांदूळ निवडता येतात. मालक येतो सणासुदीला, दिवे मात्र रोज जळतात. मी वॉचमनला सांगून पाहिलं. तो म्हणाला, आजी, सेफ्टीसाठी हायेत ते. मी म्हटलं, बाबा रे, चोरसुद्धा कधीतरी झोपत असेल, मी कधी झोपू? तो हसला आणि गेटवर जाऊन बसला. सून म्हणते, जाड पडदे लावून घ्या. आता तिला काय सांगायचं! उजेड अडवायला गोणपाटं, चादरी, आईची जुनी लुगडी, सगळं लावून झालंय आमचं. उजेड कुठल्या फटीतून आत येतो आणि कुठल्या भिंतीवर जाऊन बसतो, ते मला विचारा. माझं अर्धं लहानपण त्याच्याशी भांडण्यात गेलं.

बाबांनी पोल्ट्री टाकली तेव्हा मी नववीत असेन. त्याआधी आम्ही गावात राहत होतो, भिंतीला भिंत लागलेली, एका घरात सुकट भाजली की तिसऱ्या घरातल्या माणसाला भूक लागायची. पोल्ट्रीचा वास कुणालाच नको होता, म्हणून बाबांनी शेड बांधली ती खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या माळावर. आणि जिवंत माल तसाच सोडून माणसाने रात्री घरी जायचं कसं? शेडला लागूनच विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्या आणि आम्ही तिघं तिकडे राहायला गेलो. मी एकुलती एक. अंगणासमोर भातखाचरं, मग एक ओढा, पुन्हा खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे हायवे आणि कुंभिवलीची हॉटेलं. त्यातलं एक माझ्या मामाचं. हॉटेल म्हणजे काय, पत्र्याखाली टाकलेली बाकडी, भजी, मिसळ आणि चहा. आमच्या अंगणातून मामाचा पत्रा दिसायचा आणि मामाच्या मागच्या दारातून आमची शेड. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

ब्रॉयलरचं पिल्लू म्हणजे निव्वळ पोट. अंधारात त्याला दिसत नाही, दिसलं नाही की ते खात नाही आणि खाल्लं नाही की अंग धरत नाही. म्हणून त्या काळी आमच्या भागातले सगळे पोल्ट्रीवाले रात्रभर दिवे चालू ठेवायचे. त्यातली जाणती माणसं रोज थोडा वेळ तरी दिवे बंद करायची, पिल्लांना अंधार ठाऊक असावा म्हणून. नाहीतर अचानक लाईट गेली की ती बिथरतात आणि एकमेकांच्या अंगावर चढतात. बाबा तेवढंही करायचे नाहीत. लाईट गेलीच तर हाताशी गॅसबत्त्या तयार. तिन्हीसांजेनंतर घरातला उजेड घालवू नये, लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी फिरते, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं, आणि त्यांनी तो नेम कोंबड्यांनाही लावला. उजेड हाय तवर दाणा, दाणा हाय तवर वजन, हे त्यांचं पालुपद. शेडच्या भिंती कमरेएवढ्या आणि वर सगळी जाळी. रात्री लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, माळावर कुणाचं तरी लग्न आहे. रोज रात्री लग्न, आणि वऱ्हाड मात्र कुणीच नाही.

तो उजेड आमच्या घरात यायचा. कौलाच्या फटीतून, खिडकीच्या झडपेतून, दाराखालून. अंथरुणावर पडलं की समोरच्या भिंतीवर जाळीचे चौकोन दिसायचे, आणि मी ते मोजत बसायचे, दुसरं करणार काय! आणि आवाज. पत्र्याच्या भांड्यांवर हजारो चोची पडत राहायच्या, जरा थांबतील म्हणावं तर नाही. पक्षी दमले की खाली पसरलेल्या भाताच्या तुसात बसायचे, पण शेजारचा उठून पाण्याकडे निघाला की बसलेल्याच्या पाठीवर पाय देऊनच जायचा, मग तोही उठायचा, मग तिसरा. सगळी झोप अशी तुडवलेली. माझ्यासमोर कुणी कोंबडी मठ्ठ असते म्हणालं की मला अजून राग येतो. झोपू न दिलेलं कुठलं जनावर शहाणं दिसतं?

मला आणि बाबांना त्या उजेडात झोप लागायची, कशीबशी का होईना. आईला लागली नाही. आधी ती काही बोललीच नाही, नुसती लुगडी टांगत राहिली. मग पहाट झाली समजून ती भलत्याच वेळी उठून अंगण झाडायला लागली. झाडू संपल्यावर आभाळाकडे बघायची आणि तिला कळायचं की अजून रात्रच आहे, मग ओशाळी होऊन ओट्यावर बसून राहायची. दिवसा तिचे डोळे कुठेही मिटायचे. एकदा भाकरी तव्यावर टाकून तिथेच तिचा डोळा लागला आणि हात तव्याला चिकटला. बोलणं कमी झालं, आणि मग एकटीच बोलायला लागली, कुणाशी ते ठाऊक नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती, हे मी आता लिहू शकते. बाबा म्हणायचे, होईल सवय, माणसाला कशाचीबी सवय व्हते. साफ खोटं आहे. काही गोष्टींची सवय होत नाही, माणूस फक्त झिजतो.

भात कापणीच्या सुमाराला मामीचं बाळंतपण आलं आणि आई चार दिवस मदतीला म्हणून कुंभिवलीला गेली. मामीला मुलगा झाला, बारसं झालं, मामी उठून कामाला लागली, तरी आई आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. गावात कुणी विचारलं तर बाबा सांगायचे, हॉटेलात गर्दी हाय. मला मात्र ती रोज भेटायची. मी खोपोलीच्या शाळेत जायचे आणि एसटी मामाच्या हॉटेलासमोरूनच सुटायची. आई मागच्या दारात पाटावर बसून माझी वेणी घालायची. केसांना पोल्ट्रीचा वास यायचा, वर्गातल्या मुली माझ्या बाकावर बसायच्या नाहीत, म्हणून ती आधी केस हुंगायची आणि मग निमूटपणे शिकेकाईच्या पाण्याचा हात लावायची. वेणी घालून होईस्तोवर एसटी यायची. तेवढीच आई मला मिळायची.

संध्याकाळी घरी मी आणि बाबा. माझ्या भाकऱ्या जाड व्हायच्या आणि बाबा त्या मुकाट्याने वालाच्या बिरड्याबरोबर, नाहीतर भाजलेल्या बोंबलाबरोबर खायचे. कोंबडी आमच्या घरात कुणी खात नव्हतं. आम्ही बोलायचो ते फक्त पाणी सोडलं का, तूस हलवलं का, एवढंच. माळावर कुणी येत नसे. ज्या मैत्रिणी गावात दिवसभर माझ्या घरात असायच्या त्यांना नाकाला रुमाल लावून तिथे यायची लाज वाटायची, आणि मला त्यांना बोलवायची. मग मी अंगणात दगडावर बसून पलीकडे बघत राहायचे. मामाच्या हॉटेलामागे, मोरीवर एक पिवळा दिवा होता. तो पेटला की आई भांडी घासायला बसली, असं मी ठरवून टाकलं होतं. खरंच तीच असायची की गडी, कोण जाणे. पण मला बरं वाटायचं. इतकी एकटी मी पुढे कधीच नव्हते, आमचे हे गेल्यावरसुद्धा नाही.

पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा एक तरुण डॉक्टर मोटरसायकलवरून फेरीला यायचा. नव्या बॅचची पिल्लं जेमतेम आठवड्याची झाली होती तेव्हा तो आला. आधीच्या बॅचमध्ये आमचे बरेच पक्षी पायांनी गेले होते, दोन्हीकडे तंगड्या फाकून बसायचे, खाण्याच्या भांड्यापर्यंतही जाता यायचं नाही. काही तर सगळ्यांत गुबगुबीत, सगळ्यांत चांगले, एकदम पंख फडफडवून उताणे पडायचे आणि संपायचे. डॉक्टरने बाबांना समजावलं की वजन भराभर वाढतं, पण पाय आणि काळीज मागे राहतं. यांना अंधार द्या, झोपू द्या, झोपेत हाडं भरतात. आता पिल्लं लहान आहेत तोवरच सुरू करा, आधी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवा. सुरुवातीला खाणं कमी होईल, वजन मागे पडेल, घाबरू नका, पुढे भरून काढतात. आणि एकदा दिवे बंद केले की काहीही झालं तरी आत जायचं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. बाबांनी मान हलवली. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे ऐकून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना मी आईला हे सगळं सांगितलं. खरं तर मला तिला हसवायचं होतं, की बघ, कोंबड्यांनासुद्धा झोप लागते म्हणे. ती हसली नाही. तिचे हात माझ्या केसांत थांबले. एसटी आली, मी उठले, तेव्हा ती म्हणाली, "बाबांना सांग. घरात रात्र झाली की मी येईन म्हणावं."

मी तो निरोप दिवसभर तोंडात धरून घरी आणला. बाबा खाद्याची पोती लावत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पोतं रचलं, दुसरं उचललं, तेही रचलं. त्या संध्याकाळी जेवणाआधी ते घराबाहेरच्या भिंतीवरच्या बटणाच्या पाटीपाशी जाऊन उभे राहिले. बटणावर बोट ठेवलं, काढून घेतलं, आणि आत येऊन ताटावर बसले. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मी भाकरी थापता थापता दारातून बघत असायचे. पिल्लं उपाशी राहतील, ही भीती त्यांच्या हाडात भिनलेली. एकीकडे आईचा निरोप, दुसरीकडे त्यांच्या आईची शिकवण, आणि मध्ये हा माणूस बटणावर बोट ठेवून उभा. तेव्हा मला त्यांचा राग यायचा, आज कणव येते. पण कणव येऊन उपयोग काय, त्या चालढकलीत पिल्लांचे पक्षी झाले, अंगाने चांगले भरले, आणि त्यांनी अंधार म्हणजे काय ते एकदाही पाहिलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी खटके बंद केले. एकामागून एक सगळे. त्या दिवशी सकाळी चार पक्षी उताणे सापडले होते, त्यामुळे की आईमुळे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पहिल्यांदा एक मोठा कालवा झाला, सगळी शेड एकदम ओरडली, आणि मग हळूहळू आवाज खाली बसत गेला. भांड्यांवरची टकटक थांबली. आणि मग काहीच नाही. तुम्हाला सांगून कळणार नाही ती शांतता काय होती. मला ओढ्याचा आवाज ऐकू आला. ओढा जवळच होता, पण माळावर राहायला आल्यापासून त्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. हायवेवरचे ट्रक ऐकू आले. घरातल्या भिंतीवरचे चौकोन गेले आणि भिंत नुसती भिंत झाली. मला वाटलं, आई आता येईल. इतकं सोपं वाटलं ते.

घरालाही आजवर शेडचाच उजेड पुरत आला होता, म्हणून मी रॉकेलची चिमणी लावून ताटं वाढली. बाबांनी घास केला आणि तो हातातच राहिला. ते कान देऊन ऐकत होते. इतके दिवस रात्रंदिवस त्या आवाजात राहिलेला माणूस, त्याला त्या शांततेचा एकच अर्थ लागत होता.

"आवाज येत नाय गं," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, झोपलीत ती, डॉक्टर म्हणाला ना, आत जायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, एकदाच बघतो, दारातूनच बघतो. खुंटीवरची बॅटरी घेतली आणि ताटावरून उठले. भरल्या ताटावरून उठलेलं मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

आता कुणालाही कळेल की त्या मिट्ट काळोखात जनावराच्या डोळ्यावर एकाएकी झोत टाकला तर काय होईल. पण बाबांच्या मनात उजेड म्हणजे आधार. घाबरलेल्याला उजेड दाखवायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. झोत पडला आणि दारापाशी बसलेले पक्षी उठून पळाले, त्यांच्या सावल्या पलीकडच्या भिंतीवर माणसाएवढ्या नाचल्या, त्या बघून पुढचे पळाले, आणि सगळी शेड टोकाच्या कोपऱ्याकडे लोटली. बाबांना वाटलं, तिकडे काहीतरी आहे, साप असेल, मुंगूस असेल. ते बॅटरी घेऊन मागोमाग धावले. जितके ते पुढे, तितके पक्षी कोपऱ्यात. एकावर एक चढत गेले, पोत्यांची थप्पी लावावी तसे, आणि खालचे दबत गेले. मी दारात उभी राहून ओरडत होते की बाबा, मागं या, बॅटरी बंद करा. त्या कालव्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी मला दंडाला धरून मागे ओढलं. आई. पायात चप्पल नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढ्याच्या चिखलाने भरलेलं, खाचरांतून सरळ धावत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत बाबांकडे, आणि तिचा चेहरा असा सैल पडला की ती आता रडणार असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "बत्ती लाव गं सगळी." मी पळत जाऊन खटके दाबले. आई आत शिरली, बाबांच्या हातातली बॅटरी काढून फेकून दिली आणि कोपऱ्यातल्या ढिगात हात घातले. वरचे उचलून मागे टाकायचे, त्यांच्या खालचे उचलायचे. आम्ही तिघंही तेच करत राहिलो. वरचे फडफडत पळायचे. मधले नुसते चोच उघडून बघायचे. सगळ्यांत खालचे गरम होते आणि हलत नव्हते.

ते टोपल्यांत भरून बाहेर आणले. बाबांनी शेडमागे खड्डा खणला, आईने चुना आणला, मी टोपल्या ओतल्या.  खड्डा बुजवून झाल्यावर बाबा फावड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मोरीवर होते. समद्या गावात दिवे होते आन् आपल्या शेडला अंधार. ती कधी अंधारात नसते. मला वाटलं, तुमी गेलात."

"आन् मला वाटलं, ती गेली," बाबा शेडकडे हात करून म्हणाले.

यावर कुणीतरी हसायला हवं होतं. आज मला थोडं हसू येतं. त्या वेळी मात्र बाबा खाली बसले आणि पदर असता तर तोंडाला लावला असता, असे रडले. आई त्यांच्याजवळ बसली नाही आणि लांबही गेली नाही, मधे कुठेतरी उभी राहिली.

तिने हातपाय धुतले, आमची गार झालेली ताटं पुन्हा गरम करून वाढली, स्वतः खाल्लं नाही. सकाळी मी उठले तेव्हा ती केस बांधत होती. मी तिचा हात धरून ठेवला. म्हटलं, आलीस ना, आता कशाला जातेस? ती म्हणाली, "मी भिऊन आले गं. भिऊन आलेलं येणं खरं नसतं." बाबांना तिने एवढंच सांगितलं की आता दिवे पुन्हा रातभर ठेवू नका, वाचलेल्यांनी जे शिकायचं ते शिकून झालंय. मग ती त्याच खाचरांच्या बांधावरून परत गेली. मी शाळेत गेले नाही त्या दिवशी. वेणी कुणाकडून घालून घ्यायची, आणि कशासाठी?

बाबा हट्टी, पण कोडगे नव्हते. डॉक्टर येऊन गेल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, अगदी थोडक्यापासून. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला खटके बंद करायचे आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन ओट्यावर बसायचे, म्हणजे चुकून उठायला नको. बॅटरी त्यांनी माझ्या ट्रंकेत ठेवायला दिली. दर दिवशी अंधार जरा जरा वाढवत नेला, शेवटी चांगली घसघशीत रात्र व्हायला लागली. पहिले काही दिवस खाद्य शिल्लक राहायचं आणि बाबांचा जीव वर-खाली व्हायचा. मग पक्ष्यांचं पक्ष्यांनीच ठरवलं. दिवे जायच्या आधी पोटभर खाऊन घ्यायचे, आणि पहाटे उजेड झाला की सगळे एकदम उठून पंख ताणायचे, एक पाय, एक पंख, मग दुसरा, आणि जत्रेला निघाल्यासारखे भांड्यांकडे चालायला लागायचे. चालायला! आमच्या शेडमध्ये चालणारे मोठे पक्षी मी त्याआधी फारसे पाहिलेच नव्हते. पाय फाकलेले कमी झाले, उताणे सापडणं जवळजवळ थांबलं. वजनात मागे पडलेले पुढे भरून आले. बाबा म्हणायचे, लबाड हायेत, झोपायचं ते झोपून खायचं ते खातात. पण म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू असायचं.

एका सकाळी वेणी घालताना आई सहज म्हणाली, "काल उशीर झाला जेवायला?" मी चमकले. खाद्याची गाडी उशिरा आल्यामुळे आदल्या संध्याकाळी दिवे उशिरा बंद झाले होते. मग कळलं, ती रोज मागच्या दारात उभी राहते. शेडचा दिवा गेला की आता हे दोघं ताटावर बसले, असं समजते आणि मग आपलं ताट घेते. मामी हाक मारून थकते, पण त्याआधी नाही. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. तेव्हापासून बाबांनी कधी वेळ चुकवली नाही. खटका बंद करायच्या आधी ते मनगटावरच्या घड्याळात बघायचे, खटका बंद केला की क्षणभर कुंभिवलीकडे तोंड करून उभे राहायचे, मग हात धुवायचे. आम्ही तिघं एकाच वेळी जेवत होतो. मध्ये फक्त ओढा होता.

मला ते पुरत नव्हतं. मी चिडून एकदा आईला विचारलंच, आता तर रात्र होते ना घरात, मग का येत नाहीस? हायवेच्या कडेला, ट्रकच्या धडधडीत तुला झोप लागते आणि आमच्याजवळ लागत नाही? तिने माझी वेणी पुरी केली, रिबीन बांधली. "ट्रकचे दिवे येतात, पण जातातबी," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिथं येऊन झोप नाय लागली तर? मंग मी कुठं जाऊ गं?"  मी तिला हट्टी समजत होते आणि ती घाबरलेली होती. मीसुद्धा आता या वयात, उशीला डोकं टेकायच्या आधी तसंच घाबरते, म्हणून मला ते कळतं.

बॅच तयार झाली, गाडी आली, पक्षी गेले. त्यानंतर शेड रिकामी ठेवावी लागते. जुनं तूस काढायचं, जमीन धुवायची, चुना मारायचा, आणि नवी पिल्लं यायच्या आधी काही दिवस ती तशीच मोकळी सोडायची. दिवे लावायचं कारणच नाही. पहिल्या संध्याकाळी बाबा सवयीने पाटीपाशी गेले, खटके आधीच बंद बघून परत आले. आम्हाला जेवायची वेळच कळेना. ताटं वाढून मी बसायचे आणि बाबा म्हणायचे, जरा थांब, आणि कशासाठी थांबायचं ते दोघांनाही सांगता यायचं नाही. कोंबड्यांचाही आवाज नाही. इतकी रात्र झाली होती घरात, आणि तीत आम्ही दोघंच.

अशा एका संध्याकाळी मी चुलीशी होते, बाबा ओट्यावर. अंगणात पावलं वाजली. आई आली होती. या वेळी पायात चप्पल होती आणि हातात कपड्यांची पिशवी. ती बांधावरून काळोखात आली होती, बरोबर कंदील नाही, बॅटरी नाही. बाबा उठून उभे राहिले, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "काय झालं?"

"काय व्हायचं?" आई म्हणाली. "तीन दिस झाले, उभी ऱ्हाते आन् बघते. मालवायला दिवाच नाय, तर तुमी जेवलात का नाय ते मला कळावं कसं?"

ती आत आली आणि पिशवी खुंटीला अडकवली. मी तिच्या कमरेला मिठी मारली, पिठाच्या हातांनीच, आणि तिने मारू दिली.  बाबा बाहेर गेले. भिंतीवरचे खटके एकेक करून वाजले आणि सगळी रिकामी शेड उजळली, नव्या चुन्याने पांढरीफेक. त्यांनी ती थोडा वेळ तशीच ठेवली. मग एकेक करून सगळे खटके बंद केले आणि दारात येऊन उभे राहिले.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

आईने पाट मांडले, आणि आम्ही जेवायला बसलो.